चार फ्लॅटची जुनी बिल्डिंग, लातूर: अडीच वर्षं सांभाळल्यावरचा रिव्ह्यू

औसा रोडच्या आतल्या बाजूला, ग्राउंड प्लस वन, खाली दोन फ्लॅट आणि वर दोन, सगळे वन बीएचके, गच्चीवर एक पत्र्याची खोली, तीस बाय पन्नासचा प्लॉट, २००४ चं बांधकाम. अडीच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ७८ लाखाला घेतली. माझा एक प्लॉट होता तो विकला, बाकीचे मिस्टरांच्या रिटायरमेंटचे पैसे, कर्ज नाही काढलं. किरायावर म्हातारपण निघावं हा विचार होता. आता तीन उन्हाळे बघून झाले, तिसरा पावसाळा चालू आहे, तेव्हा बिल्डिंग कशी आहे ते सांगायचा मला हक्क आहे असं वाटतं. अशी बिल्डिंग घ्यायच्या विचारात असाल तर पूर्ण वाचा, लांबलंय, पण यातली एकेक गोष्ट पैशाची आहे.

जुन्या मालकांनी आम्हाला वहीच्या कागदावर किरायाचा हिशोब लिहून दिला होता, ९ अधिक ९ अधिक ८ अधिक ९, महिन्याला ३५ हजार, वर्षाला ४ लाख २० हजार. तेव्हा ८२ लाख मागत होते. पाच टक्क्यांच्या वर पडतात ताई, वरून जागेचा भाव वाढतोय तो वेगळा, असं एजंट दर फोनला सांगायचा. आम्ही दोनदा जाऊन बघितली, दोन्ही वेळा जानेवारीत, दोन्ही वेळा सकाळी अकराला, नळ सोडला की धो धो पाणी, भिंतींना ताजा रंग, जिन्यात नवीन ट्यूबलाईट. दोन लाख इसार देऊन टाकला. इसार पावतीत रजिस्ट्रीची मुदत होती, उशीर झाला तर आमचा इसार बुडणार हेही होतं, पण त्यांच्या कागदात काही निघालं तर आमचे पैसे परत मिळतील हे वाक्य नव्हतं आणि आम्ही ते मागितलंही नाही. ते वाक्य लिहून घ्या, एका ओळीचं काम आहे.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा माणसं खाली चहा घेत रेटचं बोलत बसली आणि मी हात धुवायच्या निमित्तानं वर गेले. वरच्या डावीकडच्या फ्लॅटमध्ये एक काकू राहतात, अकरा वर्षांपासून किरायानं. त्यांनी आत बोलावलं, तांब्याभांडं दिलं. बाथरूममध्ये बघितलं तर दोनशे लिटरची दोन निळी पिंपं काठोकाठ भरलेली, वर ताट झाकलेलं, आणि किचनच्या माळ्यावर रिकाम्या घागरी कळशा एकावर एक. मी सहज म्हणलं, नळाला एवढं पाणी आहे तर पिंपं कशाला भरून ठेवता? काकू म्हणल्या, "बाई, तुमी बिल्डिंग घेऊलालाव न्हवं? मग हे बघा." आणि देवघराच्या खालच्या कप्प्यातून एक शंभरपानी वही काढली. कव्हर फाटलेलं, आतमधी पेन्सिलीनं रेघा मारून रकाने केलेले, तारीख, टँकर, किती पैसे, आणि पुढं चार फ्लॅटचे चार रकाने कोणी किती दिले त्याचे. एप्रिल आणि मे ची पानं गच्च भरलेली. एका ठिकाणी पेनानं लिहिलेलं, मालक देतो म्हणाले, दिले नाहीत. मी तिथं उभ्या उभ्या मोजले, मागच्या उन्हाळ्यात ४१ टँकर. काकू म्हणल्या, "बोअरला पाडव्यापस्तोर पाणी असतंय, मग मोटार नुसती हवा ओढती."

लातूरच्या माणसाला पाण्याचं कोणी सांगायला पाहिजे असं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, ती गाडी बघायला मी स्वतः स्टेशनला गेले होते. तरीसुद्धा जानेवारीतला नळ बघून आम्ही इसार दिला याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून माझं सगळ्यात पहिलं सांगणं हेच की मालकाला काय विचारायचं ते विचारा, पण उत्तर किरायदाराकडून घ्या, आणि शक्यतो घरातल्या बाईकडून घ्या. बोअर किती फूट, कधी घेतलेला, कोणत्या महिन्यात आटतो, हौद किती लिटरचा, वरच्या टाक्या फ्लॅटनिहाय वेगळ्या आहेत का एकच, टँकरचे पैसे कोण देतं, आणि टँकर गल्लीत वळतो का. हे शेवटचं कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीत मोठा टँकर वळतच नाही, छोटा पाच हजार लिटरचा मागवावा लागतो, तो लिटरमागं महाग पडतो.

त्या वहीच्या जोरावर आम्ही परत बोलायला बसलो आणि ८२ चे ७८ झाले. काकूंचं नाव कुठंच घेतलं नाही, फक्त उन्हाळ्यात ४१ टँकर लागतात एवढं सांगितलं, मालक गप्पच झाले.

किरायाचं मात्र मी नीट विचारलं नाही आणि ते अंगाशी आलं. ३५ हजारातले ९ हजार ज्या फ्लॅटचे म्हणून सांगितले होते तिथं मालकांच्या नात्यातला मुलगा राहत होता आणि तो देत होता ५ हजार. रजिस्ट्री झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यानं पाचच हातावर ठेवले, म्हणला मला एवढंच ठरलेलं. लिहिलेलं काही नव्हतं त्यामुळं आमच्याकडं बोलायला काहीच नव्हतं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, आपल्याकडं शंभराच्या नाहीतर पाचशेच्या बॉन्डवर नोटरी केली की झालं असं समजतात, तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायदार जे म्हणेल ते धरलं जातं, खोटं आहे हे सिद्ध करायचं आपण. म्हणजे आमच्या बाबतीत पाच हजारच. चारपैकी एकाच फ्लॅटचा रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स करार होता. आता चारही केलेत, ऑनलाईन होतात, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो, एका दिवसाचं काम आहे, म्हणून जुन्या मालकानं केलेले नसतील तर का केले नाहीत ते विचाराच.

डिपॉझिटचंही तसंच. मालक म्हणले कोणाचंच डिपॉझिट नाही, घरातलीच माणसं आहेत सगळी. काकूंनी अकरा वर्षांपूर्वी २५ हजार दिलेले, पावती नाही. उद्या त्या घर सोडतील तेव्हा ते कोणाला मागणार, मलाच ना. मी ते मान्य केलं आणि करारात लिहून दिलं, पण ते पैसे खरं तर किमतीतून कापायला पाहिजे होते. रजिस्ट्रीच्या आधी प्रत्येक किरायदाराची एका कागदावर सही घ्या, किराया किती, डिपॉझिट किती, कधीपासून राहतो, लाईट बिल कोण भरतं. मालकासमोर घ्या. कोणाला राग आला तर येऊ द्या. आणि किराया जमा झाल्याचं बँक पासबुक मागा, रोख घेतो म्हणले की तो आकडा अर्धाच धरून चाला.

आता लातूरचं म्हणून एक खास. इथं पोरं मेडिकलच्या नीट आणि इंजिनिअरिंगच्या जेईई परीक्षेच्या ट्यूशनला येतात, सगळ्या महाराष्ट्रातून येतात, त्यांच्यामुळं किराया चांगला मिळतो हे खरं आहे. पण नीटचा पेपर मे मध्ये होतो आणि पोरं गाद्या गुंडाळून गावी जातात, नवीन पोरं यायला जून जुलै उजाडतो. आमचा वरचा उजवा फ्लॅट पोरांचा होता, पहिल्या वर्षी तीन महिने रिकामा. एजंटच्या हिशोबात वर्षाला बारा महिने असतात, पोरांच्या फ्लॅटला नऊ धरा. शिवाय प्रत्येक वेळी रंग काढावा लागतो, भिंतीला फॉर्म्युले चिकटवलेले असतात. पोरं चांगली होती, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यातल्या एकाला सरकारी मेडिकलला ॲडमिशन मिळालं तेव्हा पेढे घेऊन आला होता.

कागदपत्रांच्या बाबतीत या सगळ्या व्यवहारात आमचे वकील सगळ्यात भारी निघाले, त्यांना पैकीच्या पैकी. आम्हाला घाई होती आणि त्यांनी घाई करू दिली नाही. प्लॉट मूळ मालकांच्या वडिलांच्या नावावर, वडील मृत्युपत्र न करता वारलेले, आणि मालमत्ता पत्रकावर नाव फक्त मुलाचं. वकिलांनी पहिला प्रश्न हाच विचारला की बहिणी किती? एक बहीण होती, सोलापूरला दिलेली. मालक म्हणले ती काही मागणार नाही, आमच्यात तसं नाही. वकील म्हणले, मागणार नसेल तर हक्कसोडपत्र करून द्यायला काय हरकत आहे. वडील असे गेले की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगा, मुलगी, आई सगळ्यांना सारखा वाटा, आणि जागा वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला जन्मापासूनच हक्क. शेवटी ती बहीण आली, रजिस्टर्ड हक्कसोडपत्र झालं, त्यात तीन आठवडे गेले. सही करताना त्या बाईचे डोळे भरून आले होते. तिला भावानं काही दिलं का नाही मला माहीत नाही, पण तिला न विचारता ही बिल्डिंग माझ्या नावावर झाली असती तर मला तिथला किराया खाववला नसता.

तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जागेच्या आधीच्या व्यवहारांचा तपास, घ्याच. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर फुकटात बघता येतं पण आपल्याकडचं २००२ च्या पुढचंच, त्याच्या आधीचं सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, काढायला ऑफिसातच जावं लागतं. आणि मराठवाड्यात एक जास्तीचं बघावं लागतं. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळं गावालगतच्या लई जमिनी मूळच्या इनामी निघतात, मदतमाश (उदरनिर्वाहाला दिलेल्या), खिदमतमाश (सेवेसाठी दिलेल्या), देवस्थान, वक्फ असल्या. वर प्लॉटिंग झालं, घरं झाली, तरी खालची जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागते अशी, असेल तर परवानगीशिवाय केलेली विक्री अडचणीत येते. आमच्या वकिलांनी मूळ सर्व्हे नंबरचा जुना सातबारा, फेरफार आणि १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक (जमिनीची जुनी सरकारी नोंद) काढलं, मग एनए म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर आणि लेआउट बघितला. माझ्या नणंदेनं छत्रपती संभाजीनगरला गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरी नसताना गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं, घर घेतलंय, तिथं आणखी वेगळा प्रश्न, ते २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालंय का नाही ते बघायचं, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात घेता येतात, पण घेता येतात म्हणजे झालेली आहेत असं नाही, प्रमाणपत्र हातात बघा. हे सगळं झाल्यावर कोणाचा हक्क असेल तर सांगा असं पेपरात जाहीर प्रगटन दिलं, पंधरा दिवस वाट बघितली, मग रजिस्ट्री.

बांधकाम आम्ही ओळखीच्या इंजिनिअरला दाखवलं होतं, ते चांगलं केलं. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्यांनी इकडं काढली त्यांना वेगळं सांगायला नको, पिलरवर आहे का नुसत्या भिंतींवर हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं, पिलरवर आहे. पण इंजिनिअर खालच्या फ्लॅटमध्ये गेले तेव्हा सगळं फर्निचर भिंतीला लावलेलं आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर, कमरेच्या उंचीवर. एवढ्या खाली कॅलेंडर कोण लावतं, हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं. पहिल्या पावसाळ्यात कॅलेंडर काढलं तर मागं ताटाएवढा ओलीचा डाग, रंग फुगून पापड झालेला, बोटानं दाबलं की आतलं प्लास्टर भुसभुशीत. वरच्या बाथरूमचं पाणी झिरपत होतं, गच्चीवरूनही येत होतं. वॉटरप्रूफिंगला ६४ हजार गेले. म्हणून भिंतीवरचं प्रत्येक कॅलेंडर, प्रत्येक फोटो उचलून बघा, कपाट सरकवायला सांगा, आणि जमलं तर एकदा पाऊस पडून गेल्यावर जा.

गच्चीवरची पत्र्याची खोली मंजूर नकाशात नाही. मालकांनी ती एक्स्ट्रा कमाई म्हणून सांगितली होती. अनधिकृत बांधकामाला शास्ती, म्हणजे दंडाचा कर, लागू शकते, मूळ कराच्या दुप्पट, म्हणून मी ती किरायानं दिलीच नाही, अडगळ ठेवलीय. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम वापरायची परवानगी) हातात घेऊन मजला न मजला, खोली न खोली मोजा, जे नकाशात नाही त्याचे पैसे देऊ नका. कर्ज काढणार असाल तर बँकही त्याची किंमत धरत नाही.

लाईटचं थोडक्यात, चार फ्लॅटला मीटर होते दोन. दोन घरांचं मिळून युनिट धरलं जायचं. घरगुती बिलाला पहिल्या १०० युनिटचा दर सगळ्यात कमी, पुढच्या टप्प्याला जास्त, त्याच्या पुढं अजून जास्त, मग ज्या घरात ९० युनिट जळतात तेही शेजाऱ्यामुळं महागाच्या टप्प्यात जायचं आणि महिन्याला भांडण. चार वेगळे मीटर घेतले, मोटारीला पाचवा, आता शांतता आहे.

खरेदीच्या वेळचा खर्च किमतीत धरायला विसरू नका. स्टँप ड्युटी इकडं सहा टक्के पडते, बाईच्या एकटीच्या नावावर घेतली तर एक टक्का सूट, म्हणून आम्हाला ३ लाख ९० हजार आली, वर नोंदणी ३० हजार. वकील, सर्च, प्रगटन सगळं मिळून ३० हजार. म्हणजे ७८ ची बिल्डिंग साडेब्याऐंशीला पडली. आणि ५० लाख किंवा वरचा व्यवहार असेल तर एक टक्का टीडीएस घेणाऱ्यानं कापून भरायचा असतो, आमचे ७८ हजार, तेव्हा फॉर्म २६ क्यूबीनं भरले. एजंटनं हे एका शब्दानं सांगितलं नाही, वकिलांनी चेक लिहायच्या दिवशी आठवण केली म्हणून वाचलो, नाहीतर व्याज आणि दंड मला बसला असता.

पहिल्या वर्षाचा खरा हिशोब देते. किराया आला ३ लाख ४५ हजार. त्यातून घरपट्टी १४ हजार, ४६ टँकर सातशेप्रमाणं ३२ हजार २००, मोटार दोनदा जळाली ११ हजार ५००, मोटारीचं आणि जिन्यातलं लाईट बिल २१ हजार ६००, झाडूपोछा आणि टाकी धुणं १८ हजार, पोरांच्या फ्लॅटचा रंग १४ हजार. हातात राहिले २ लाख ३३ हजार ७००. साडेब्याऐंशी लाखावर पावणेतीन टक्क्यांच्या थोडं वर, वॉटरप्रूफिंग धरलं तर दोनच. जुन्या मालकांच्या त्या कागदावरच्या हिशोबानं पाचच्या वर होते. इन्कम टॅक्सला मात्र सोपं आहे, किरायातून भरलेली घरपट्टी वजा आणि उरलेल्याचे सरसकट तीस टक्के वजा, खर्च कमी होवो का जास्त, टँकरची पावती कोणी मागत नाही आणि तिचा फायदाही नाही.

एजंटला मी पाचपैकी एक देईन. त्यानं ओळख करून दिली आणि दोन्हीकडून एकेक टक्का घेतला, तो एक टक्का वरच्या हिशोबात धरलेलाच नाही. त्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही, तो त्याच भागात वीस वर्षं धंदा करतोय. तुमच्या एजंटला एकच विचारा, या बिल्डिंगमध्ये तू आधी कोणाला किरायदार लावून दिलेत का, आणि त्या किरायदाराचा नंबर मागा.

बिल्डिंगला साडेतीन. बांधकाम पक्कं आहे, हवा चांगली, खाली दोन गाड्या लागतात, शाळा आणि भाजी मंडई जवळ. नात्यातला मुलगा गेल्या वर्षी गेला, तिथं आता नर्स आहेत एक, साडेआठ हजार देतात आणि तारखेच्या आधी देतात. पोरांचा फ्लॅटही यंदा कुटुंबाला दिला, किराया पाचशे कमी पण बारा महिने. गच्चीचं पावसाचं पाणी पाइपानं बोअरमध्ये सोडलंय, त्याला १८ हजार गेले, या उन्हाळ्यात ३१ टँकर लागले. काकू अजून तिथंच आहेत, टँकरचे पैसे आता मी देते, वही मात्र त्याच लिहितात, नवीन आणून दिलीय. हौद पाचाचा दहा हजार लिटरचा करायचाय दिवाळीनंतर, मिस्त्रीला खर्च काढायला सांगितलाय, झालं की त्याचंही लिहीन.